मुलाचे अश्रूच त्याचा कॉर्निया खातायत का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. मुलगा 17 वर्षांचा, बारावी सायन्सला. लहानपणापासून डोळ्यांना खाज, उन्हाळ्यात जास्त. दोन वर्षांत चष्म्याचा नंबर चार वेळा बदलला आणि तिरका नंबर वाढतच गेला, म्हणून टॉपोग्राफी, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, कॉर्नियाच्या, आकाराचा नकाशा काढला आणि केरॅटोकोनस निघाला, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार. उजवा कॉर्निया सर्वांत पातळ जागी 462 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), डावा 498. खालच्या पापणीच्या आतून अश्रूंचा नमुना घेऊन एक तपासणी झाली, त्यात एमएमपी-9 नावाचं एन्झाइम ‘पॉझिटिव्ह’ आलं. डॉक्टरांनी क्रॉस-लिंकिंग, म्हणजे औषध आणि अतिनील प्रकाशानं कॉर्निया घट्ट करण्याचा उपाय, सुचवलं आणि सायक्लोस्पोरिनचे थेंब सुरू केले. हे एन्झाइम कोलॅजन, म्हणजे कॉर्निया ज्या प्रथिनाच्या धाग्यांचा बनलाय ते, तोडतं असं तुमच्या वाचनात आलं आणि तुम्ही विचारता आहात की अश्रूच डोळा खात असतील तर थेंबांनी ते एन्झाइम बंद करून क्रॉस-लिंकिंग टाळता येईल का, निदान बारावीची परीक्षा होईपर्यंत पुढे ढकलता येईल का.

कॉर्नियाचे रुग्ण बघता बघता मला विदर्भात वीस वर्षांहून जास्त काळ झाला. हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्यासमोर पुष्कळदा येतो. तुमचा तर्क चुकीचा नाही, अपुरा आहे. एन्झाइमांचा या आजारात हात आहे हे खरं. पण अश्रूतलं एन्झाइम कमी केलं की कॉर्निया वाचला, हा पुढचा दुवा अजून तेवढा पक्का नाही. आणि त्या भरवशावर थांबायचं ठरवलंत तर 462 हा आकडा तुम्हाला फार थांबू देणारा नाही. तो का, ते पुढे सांगते.

आधी अश्रूंबद्दल. अश्रू म्हणजे खारट पाणी नव्हे. डोळ्यावर त्यांचा जो पापुद्रा असतो तो काही मायक्रॉन जाडीचा आणि एका डोळ्यात एका वेळी अश्रू असतात जेमतेम सात ते दहा मायक्रोलिटर, म्हणजे एका थेंबाहूनही बरेच कमी. पण तेवढ्यात शेकडो प्रकारची प्रथिनं असतात. कॉर्नियात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून तो पारदर्शक आहे. रक्तातून मिळणारं संरक्षण त्याला थेट मिळत नाही. जागेपणी ऑक्सिजनसुद्धा त्याला मुख्यतः हवेतून, अश्रूंत विरघळून मिळतो. अश्रूतली एन्झाइम्स त्याची पहारेकरी आहेत. सर्वांत प्रसिद्ध लायसोझाइम. अलेक्झांडर फ्लेमिंगनं 1922 मध्ये त्याचा शोध जाहीर केला, आणि प्रयोगाला अश्रू हवेत म्हणून तो लोकांच्या डोळ्यांत लिंबू पिळायचा. हे एन्झाइम जिवाणूंची भिंत फोडतं. तेव्हा अश्रूत एन्झाइम सापडलं याचा अर्थ अश्रू बिघडले असा होत नाही. शाळेच्या पुस्तकात यांनाच विकर म्हणतात. ‘विकार’ शब्दाच्या जवळचं नाव असल्यामुळे असेल, पण लोक घाबरतात.

एमएमपी हा मात्र वेगळा गट. 1962 मध्ये जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर या दोघांनी बेडकाच्या पिल्लाची शेपटी कशी नाहीशी होते ते शोधताना कोलॅजन तोडणारं एन्झाइम ओळखलं. शेपटी गळून पडत नाही, शरीरच ती पचवून टाकतं. त्याच घराण्यातली वीसहून अधिक एन्झाइम्स माणसात आहेत आणि सगळ्यांना काम करायला जस्ताचा अणू लागतो. जखम भरताना जुनं, फाटलेलं कोलॅजन कापून बाजूला काढणं हे त्यांचं रोजचं काम. म्हणून शरीर त्यांना झोपलेल्या अवस्थेत तयार करतं, गरज पडली तर जागं करतं, आणि लगाम घालायला टिंप नावाची रोधक प्रथिनंही सोबत ठेवतं. आजार होतो तो एन्झाइम असल्यामुळे नव्हे. तोडणारं आणि रोखणारं यांचा तोल सुटला की होतो.

आता कॉर्नियाची बांधणी. निरोगी कॉर्निया मधोमध साधारण 520 ते 540 मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जाड. त्यातला नव्वद टक्के भाग कोलॅजनच्या धाग्यांचा, 200 हून अधिक थरांत रचलेला. मी रुग्णांना बाजेचं उदाहरण देते, कारण आमच्याकडे बाज अजून घराघरांत आहे. सुंभ कितीही चांगला असला तरी विणीत तो जागोजाग एकमेकांत अडकलेला नसेल तर बाज ताठ राहत नाही. माणूस झोपला की मधोमध झोळ पडतो. कॉर्नियावर आतून डोळ्याचा दाब सतत असतो. धागे पातळ झाले किंवा त्यांच्यातल्या गाठी सैल झाल्या की कॉर्निया तिथे पुढे झुकतो, गोलाऐवजी शंकूचा आकार घेतो. लिव्हरपूलच्या जॉन नॉटिंगहॅमनं 1854 मध्ये या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षं डॉक्टर त्याला ‘सूज नसलेला’ आजार म्हणत आले, कारण डोळा लाल होत नाही, दुखत नाही, आत पू नसतो.

अश्रू तपासायला लागल्यावर ही समजूत हलली. 2005 मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी केरॅटोकोनसच्या रुग्णांच्या अश्रूंत एमएमपी-9 आणि त्यासोबत इंटरल्यूकिन-6, टीएनएफ-अल्फा हे सूज दाखवणारे रेणू वाढलेले आढळल्याचं दाखवलं. त्यांच्याच पुढच्या कामात, एका डोळ्यात उघड आजार आणि दुसऱ्यात फक्त चाहूल असलेल्या रुग्णांत सूज दाखवणारे रेणू दोन्ही डोळ्यांत वाढलेले होते, पण एमएमपी-9 उघड आजाराच्याच डोळ्यात. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. कुरबुर आधी सुरू होते, कात्री नंतर चालते. पुढे इतरांना या रुग्णांच्या अश्रूंत कॅथेप्सिनसारखी आणखी तोडणारी एन्झाइम्सही वाढलेली दिसली. उलट लॅक्टोफेरिनसारखी रक्षण करणारी प्रथिनं घटलेली आढळली.

दुसरं एक एन्झाइम आहे, त्याच्याबद्दल क्वचित कोणी बोलतं. लायसिल ऑक्सिडेज. याला तांबं लागतं आणि याचं काम तोडण्याचं नाही, गाठी मारण्याचं आहे. कोलॅजनच्या शेजारच्या धाग्यांना ते एकमेकांशी जोडतं. केरॅटोकोनसच्या रुग्णांत त्याची क्रिया कमी आढळते, आणि बंगळुरूच्या नारायण नेत्रालयातल्या गटानं 2015 मध्ये दाखवलं की आजार जितका पुढे गेलेला तितकी कॉर्नियाच्या वरच्या थरात या एन्झाइमची निर्मिती कमी. म्हणजे एकीकडे सुंभ कापला जातोय आणि दुसरीकडे गाठी मारणारा हात ढिला पडलाय. तुम्ही फक्त पहिल्या बाजूबद्दल वाचलंत. क्रॉस-लिंकिंग कशासाठी, ते दुसऱ्या बाजूवरून कळतं.

‘खातात’ या शब्दाबद्दलही बोलायला हवं, कारण आई म्हणून तो शब्द तुम्हाला झोपू देत नसणार. अश्रूतली एन्झाइम्स कॉर्निया अक्षरशः खाताना मी पाहिली आहेत. ज्वारी कापताना डोळ्याला पान लागतं, माणूस आठवडाभर घरीच काहीतरी घालत बसतो, आणि येतो तेव्हा बुबुळावर पांढरी जखम असते, तिच्या कडा मऊ, ओघळल्यासारख्या. त्याला आम्ही कॉर्निया वितळणं म्हणतो. जंतूंची एन्झाइम्स आणि शरीराच्या पांढऱ्या पेशींची एन्झाइम्स मिळून दोन-चार दिवसांत डोळ्याला भोक पाडू शकतात. संधिवाताच्या काही रुग्णांत जंतूशिवायही असं होतं. तिथे आम्ही एन्झाइमला थेट अडवतो. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देतो, कारण ते या एन्झाइमांना लागणारं जस्त धरून ठेवतं. तुमच्या मुलाला तसलं काही नाही. केरॅटोकोनसमध्ये जखम नसते, वरचा थर बहुतेक शाबूत असतो, बदल महिन्यांच्या आणि वर्षांच्या वेगानं होतो. शिवाय पातळ होणं म्हणजे सगळं कोलॅजन पचलं असंही नाही. थर एकमेकांवरून सरकतात, त्यामुळेही मधला भाग पातळ होतो. बाजेला झोळ पडतो तेव्हा सुंभ हरवलेला नसतो, सरकलेला असतो.

मग ‘पॉझिटिव्ह’ तपासणीचं काय करायचं? ती तपासणी मुळात कोरड्या डोळ्यांसाठी बनली आहे. अश्रूंत एमएमपी-9 दर मिलिलिटरला 40 नॅनोग्रॅमच्या वर असेल तर दहा मिनिटांत तपासणीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते, एवढंच ती सांगते. ते एन्झाइम कुठून आलं हे ती सांगत नाही. डोळ्यांच्या ॲलर्जीतही एमएमपी-9 वाढतं. कोरडेपणातही वाढतं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यात सूज दाखवणारे रेणू वाढू शकतात. झोपेत पापण्या बंद असताना प्रत्येक निरोगी माणसाच्या अश्रूंत पांढऱ्या पेशी जमतात आणि एमएमपी-9 चढतं, म्हणून उठल्या उठल्या घेतलेला नमुना आणि दुपारचा नमुना एक नाही. नमुना घेताना डोळ्याला टोचलं, पाणी आलं, तर सगळं पातळ होऊन आकडा खाली येतो. केरॅटोकोनसमध्ये अश्रूंतली एकूण प्रथिनंच कमी आढळली आहेत, तेव्हा कशाच्या तुलनेत मोजलं यावरही निष्कर्ष बदलतो. तुमच्या मुलाला लहानपणापासून खाज आहे. त्याची रेघ ॲलर्जीची की केरॅटोकोनसची, हे मला त्या पट्टीवरून सांगता येणार नाही, दुसऱ्या कुणालाही येणार नाही. त्या रेघेचा मी एवढाच अर्थ घेईन की डोळ्याच्या पृष्ठभागावर धुसफूस चालू आहे आणि ती शांत करायला हवी. आजार वाढतोय का, हे ठरवायला मी टॉपोग्राफीच बघते.

ती धुसफूस चालू ठेवतो कोण? पुष्कळदा हात. हा भाग मला सगळ्यांत जास्त सांगायचा आहे.

ऑस्ट्रेलियात 2013 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. डोळे पूर्ण निरोगी असलेल्या लोकांना साठ सेकंद डोळे चोळायला सांगितलं आणि आधीचे-नंतरचे अश्रू तपासले. एका मिनिटाच्या चोळण्यानं एमएमपी-13, इंटरल्यूकिन-6 आणि टीएनएफ-अल्फा तिन्ही वाढले. निरोगी डोळ्यांत. आता तुमचा मुलगा दिवसातून किती वेळा आणि किती मिनिटं चोळतो ते मोजा. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी विचारत नाही, ‘डोळे चोळतोस का’, कारण सगळे ‘नाही’ म्हणतात, आणि खोटं बोलत नसतात, त्यांना ते जाणवतच नाही. मी म्हणते, ‘खाज आली की काय करतोस ते करून दाखव.’ मग कळतं. बोटाच्या टोकानं पापणी पुसणारा वेगळा, आणि मूठ वळून बोटांच्या पेरांनी गोल गोल दाबून चोळणारा वेगळा. दुसऱ्या प्रकारात कॉर्निया दाबला जातो, वरच्या थराच्या पेशी दुखावतात, त्या इशारे सोडतात, आतल्या पेशी त्या इशाऱ्यांनी मरतात आणि तोडणारी एन्झाइम्स जागी होतात. खाजेचं तर त्याहून वाईट. चोळल्यानं पापणीतल्या मास्ट पेशी आणखी हिस्टामीन ओततात, म्हणून चोळल्यावर क्षणभर बरं वाटतं आणि पाच मिनिटांत खाज दुप्पट होऊन परत येते.

उजव्या डोळ्याचा आकडा डाव्यापेक्षा वाईट आहे. मुलगा उजखोरा आहे का, उजव्या कुशीवर, हात किंवा उशी डोळ्यावर दाबून झोपतो का, हे एकदा रात्री जाऊन बघा. प्रत्येकाचं कारण तेच असतं असं नाही. हा आजार घराण्यात असू शकतो, जनुकांचा भाग आहे. पण जनुकं आपल्या हातात नाहीत, उशी आहे.

आपल्या भागाचंही थोडं. नागपूरच्या ग्रामीण भागात झालेल्या सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडीत, 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, तीस वर्षांवरच्या साडेचार हजारांहून अधिक लोकांपैकी 2.3 टक्क्यांत कॉर्नियाची वक्रता 48 डायॉप्टर (वक्रता मोजायचं एकक) किंवा त्याहून जास्त होती आणि त्यांना केरॅटोकोनस धरलं गेलं. अमेरिकेतल्या जुन्या पाहणीत हेच प्रमाण साधारण दोन हजारांत एक होतं. नागपूरची मोजणी साध्या केरॅटोमीटरनं झाली होती, टॉपोग्राफीनं नाही, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून सरळ तुलना मी करणार नाही. पण इथलं ऊन, धूळ आणि शाळकरी पोरांचे खाजरे डोळे रोज बघितल्यावर हा आजार आपल्याकडे दुर्मीळ आहे असं मला कधीच वाटलं नाही.

थेंबांकडे येते. सायक्लोस्पोरिन दिलंय ते योग्य आहे. ते एन्झाइमला थेट धरत नाही. एन्झाइम तयार करायला लावणाऱ्या सूजेला शांत करतं. बंगळुरूच्या त्याच नेत्रालयानं 2015 मध्ये मोजक्या रुग्णांना 0.05 टक्क्यांचे हे थेंब साधारण सहा महिने दिले. अश्रूतलं एमएमपी-9 उतरलं आणि कॉर्नियाच्या आकारातही चांगल्या बाजूचा बदल दिसला. काम आशादायक आहे आणि आपल्या देशातलं आहे याचा मला अभिमान वाटतो. पण मोजके रुग्ण आणि सहा महिने, एवढ्या पुराव्यावर मी 17 वर्षांच्या मुलाचा वाढता केरॅटोकोनस थेंबांच्या हवाली करणार नाही. केरॅटोकोनस महिन्यात पळतो, सहा महिने थांबतो, पुन्हा पळतो. थांबलेल्या काळात थेंब चालू असले की श्रेय थेंबांना जातं. डॉक्सिसायक्लिनबद्दलही तुम्ही विचारलंत. वितळणाऱ्या कॉर्नियात त्याचं स्थान आहे, केरॅटोकोनसमध्ये मी ते देत नाही.

सायक्लोस्पोरिन आग करतं, आणि गुण दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. पुष्कळ मुलं दुसऱ्या आठवड्यात बंद करतात. खाजेवर त्याच दिवशी आराम हवा असेल तर ओलोपॅटाडिनसारखे ॲलर्जीचे थेंब डॉक्टरांना विचारून जोडता येतात. प्रिझर्वेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू फ्रिजमध्ये ठेवून खाज आली की घालायला द्या. थंडाव्यानं खाज मरते आणि अश्रूतलं जे काही आहे ते धुऊन निघतं. हाताला काम मिळतं हा त्यातला मोठा फायदा. ‘चोळू नकोस’ म्हणून कुठल्याच मुलाचं चोळणं बंद झालेलं मी पाहिलं नाही. ‘चोळावंसं वाटलं की बाटली घे’ यानं पुष्कळांचं झालं. थंड पाण्याची घडी मिटल्या पापण्यांवर, न दाबता, दोन मिनिटं. बाहेर जाताना चष्मा किंवा गॉगल. गुलाबपाणी, मध, तूप, काजळ यातलं काहीही डोळ्यात नको.

आणि स्टेरॉइडचे थेंब. तुमच्या घरात जुनी बाटली असेल तर आजच बघा. खाजेवर स्टेरॉइड जादूसारखं चालतं, म्हणून एकदा दिलेली चिठ्ठी मेडिकलमध्ये दाखवून लोक वर्षानुवर्षं तीच बाटली आणतात. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे तेरा वर्षांचा एक मुलगा आला. केरॅटोकोनस दाखवायला आणला होता. चार वर्षं स्टेरॉइड चालू होतं, कुणीही डोळ्याचा दाब मोजला नव्हता. दाब चाळिसाच्या वर आणि एका डोळ्याची नस जवळपास वाळलेली. त्याच्या कॉर्नियाचं आम्ही पुष्कळ काही करू शकलो असतो. काचबिंदूनं गेलेली नस परत आणता आली नाही. त्याची आई तुमच्यासारखीच काळजी करणारी होती. ॲलर्जी फार भडकली तर काही दिवस स्टेरॉइड आम्हीही देतो, पण दाब मोजत आणि थांबायची तारीख लिहून.

आता क्रॉस-लिंकिंग. ड्रेस्डेनच्या वोलेन्साक, स्पोर्ल आणि सायलर यांनी 2003 मध्ये 22 रुग्णांच्या 23 डोळ्यांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. कॉर्नियाचा वरचा पातळ थर काढून रिबोफ्लेविनचे, म्हणजे बी-2 जीवनसत्त्वाचे, थेंब मुरू द्यायचे आणि मग 370 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश 30 मिनिटं टाकायचा. त्यानं कोलॅजनच्या धाग्यांत नवे बंध तयार होतात. लायसिल ऑक्सिडेजनं ज्या गाठी मारायच्या राहिल्या त्या आपण बाहेरून मारतो. त्या सगळ्या डोळ्यांत वाढ थांबली आणि बहुतेकांत वक्रता थोडी कमीही झाली. पुढे जगभर पद्धतीत सुधारणा झाल्या, वेळ कमी करणारे प्रकार आले, पण मूळ तत्त्व तेच.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्याच गटाच्या 2004 च्या कामात आहे. त्यांनी डुकराचे कॉर्निया घेतले, काहींना क्रॉस-लिंकिंग केलं, काहींना नाही, आणि सगळे कोलॅजन पचवणाऱ्या एन्झाइमांत बुडवून ठेवले. न केलेले लवकर विरघळले, केलेले कितीतरी जास्त दिवस टिकले. धागे घट्ट बांधले गेले की कात्रीला आत शिरायला जागा उरत नाही. म्हणजे ज्या उपायाला टाळायला तुम्ही एन्झाइम रोखू पाहता आहात, तोच आज आपल्याकडचा एन्झाइमविरुद्धचा सर्वांत मजबूत उपाय आहे. थेंब कात्री बोथट करतात, क्रॉस-लिंकिंग सुंभ चिवट करतं. मला दोन्ही हवेत. आणि पृष्ठभाग शांत केल्याशिवाय क्रॉस-लिंकिंग केलं तर जखम भरायला वेळ लागतो, धुरकटपणा येण्याची भीती वाढते. म्हणून थेंब आधी, काही आठवडे.

थांबायचं की नाही, हे काही गोष्टींवर अवलंबून आहे. टॉपोग्राफी किती वेळा झाली? एकदाच झाली असेल तर वाढ सिद्ध करायला दुसरी हवी, असं पुस्तक सांगतं. पस्तिशीच्या माणसाला मी खरोखर सहा महिन्यांनी परत बोलावते, कारण वयानुसार कोलॅजन आपोआप घट्ट होत जातं. सतरा वर्षांच्या मुलात मी तेवढी वाट बघत नाही. दोन वर्षांत चार वेळा बदललेला नंबर माझ्यासाठी वाढीचा पुरावा आहे. फक्त खात्री करा की टॉपोग्राफी एकाच मशीनवर झाली आहे. वेगवेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. तो सेमीसॉफ्ट, म्हणजे थोड्या कडक कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर दोन-तीन आठवडे बंद ठेवूनच तपासणी झालेली असावी.

आता तो 462. क्रॉस-लिंकिंगच्या नेहमीच्या पद्धतीत वरचा थर काढल्यावर निदान 400 मायक्रॉन उरावे लागतात, नाहीतर प्रकाश आतल्या पेशींपर्यंत पोचून त्यांना इजा होऊ शकते. वरचा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा. 462 मधून 50 गेले की उरले 412. बारा मायक्रॉनची शिल्लक आहे तुमच्याकडे. त्याखाली गेलं तरी मार्ग आहेत, कॉर्निया तात्पुरता फुगवणारं रिबोफ्लेविन वापरता येतं, इतरही युक्त्या आहेत, पण सोप्या रस्त्यानं जाता येत असताना अवघड रस्त्याची वाट बघायचं कारण नाही. ज्यांना फारच उशीर होतो त्यांच्यासाठी कॉर्नियाचं रोपण आहे, ते चांगलं होतं, पण ते नेत्रदानातून मिळणाऱ्या बुबुळावर अवलंबून असतं आणि त्यानंतरची काळजी आयुष्यभराची.

परीक्षा फेब्रुवारीत आहे. मी असते तर उजवा डोळा दिवाळीच्या सुट्टीत केला असता. पहिले तीन-चार दिवस चांगलंच दुखतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. जखम भरेपर्यंत डोळ्यावर बसवलेली संरक्षक लेन्स साधारण पाचव्या-सातव्या दिवशी निघते. पुढचे काही आठवडे त्या डोळ्यानं धूसर दिसतं आणि नंबर वरखाली होतो, पण वाचायला डावा डोळा असतो. डाव्याचं परीक्षेनंतर ठरवता येईल, तोवर दर तीन महिन्यांनी टॉपोग्राफी. क्रॉस-लिंकिंगनं चष्मा जात नाही, नजर सुधारेलच असंही नाही. ते आहे तिथे थांबवण्यासाठी आहे. चांगलं दिसण्यासाठी नंतर सेमीसॉफ्ट किंवा स्क्लेरल (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी) लेन्स लागू शकते. जंतुसंसर्ग आणि डाग हे धोके कमी आहेत, पण आहेत. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी ते विचारून घ्या. चांगल्या डॉक्टरला अशा प्रश्नाचा राग येत नाही.

थोडक्यात पुन्हा: एमएमपी-9 ची रेघ ही धुसफुशीची खूण आहे, आजार किती वाढला ते ती सांगत नाही. सायक्लोस्पोरिन आणि ॲलर्जीचे थेंब नेमानं, चोळणं बंद, उशी बदला, घरातलं स्टेरॉइड काढून टाका, आणि उजव्या डोळ्याचं क्रॉस-लिंकिंग या दिवाळीत. मध्येच कधी एका दिवसात नजर एकदम गेली आणि बुबुळ पांढुरकं, सुजलेलं दिसलं तर आतला पडदा फाटून पाणी शिरलेलं असतं. घाबरू नका, पण त्याच दिवशी दाखवा.

एक गोष्ट तुम्ही शेवटी ओझरती लिहिलीत, की धाकट्या मुलीलाही उन्हाळ्यात डोळ्यांना खाज येते आणि यंदा तिला पहिल्यांदाच चष्मा लागला. मुलाच्या पुढच्या तपासणीला जाल तेव्हा तिलाही सोबत न्या आणि तिची टॉपोग्राफी त्याच मशीनवर करून घ्या.